पीटी-१०९ला कोणता रंग द्यायचा? छोट्या युद्धबोटी लपत कशा होत्या

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. तुम्ही दुसऱ्या महायुद्धातल्या पीटी-१०९ या अमेरिकन टॉर्पेडो बोटीचं १:३५ मापाचं मॉडेल बांधायला घेतलं आहे. खोक्यातल्या पत्रकात अख्खी बोट गडद हिरवी दाखवली आहे. मित्र म्हणतो, नौदलाची बोट म्हणजे करडीच. तिसऱ्या कुणीतरी झेब्र्यासारख्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या पीटी बोटीचा फोटो पाठवला. यातलं खरं काय, आणि चाळीस नॉटने धावणाऱ्या बोटीला रंगाचा उपयोग तरी काय, असं तुम्ही विचारलं आहे.

तिन्ही खरं आहे. करड्या पीटी बोटी होत्या, हिरव्या होत्या, काही थोड्या बोटींवर झेब्रा पट्टेही मारले गेले. १९४३च्या ऑगस्टमध्ये पॅसिफिकमधल्या सॉलोमन बेटांत असलेल्या पीटी-१०९ला मात्र गडद हिरवाच द्या. हे उत्तर एका ओळीत संपलं असतं, पण हिरवाच का, हे कळलं तर पुढच्या दहा मॉडेलांचे रंग तुमचे तुम्हालाच ठरवता येतील. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी तीस वर्षं गोदीत लहान जहाजांच्या रंगकामावर काढली. खरवडायचं, प्रायमर मारायचा, वर दोन हात द्यायचे, हेच काम. बोटींची मॉडेलं त्याच्याही आधीपासून बांधतो आहे. पण बोट लपते कशी, हे मला गोदीत समजलं नाही. ते समजलं रत्नागिरीच्या मिरकरवाड्याच्या धक्क्यावर. नव्वदच्या दशकातली गोष्ट, अमावास्येच्या आसपासची रात्र, वीज गेलेली. मेव्हण्यांच्या ट्रॉलरची वाट बघत बसलो होतो. त्यांची बोट गडद निळी, रात्री काळीच म्हणायची. तिच्या मागून एक पांढुरकी होडी येत होती. ट्रॉलर मला बराच लांब असताना दिसला. दिवा नव्हता, तरी उघड्या आभाळावर कुणी कात्रीने काळा तुकडा कापून ठेवावा तसा तो दिसत होता. होडीचं इंजिन कानाला येत होतं, होडी मात्र दिसत नव्हती. मग दोन्ही बोटी वळून भगवती किल्ल्याच्या डोंगराखाली आल्या आणि सगळं उलटं झालं. ट्रॉलर डोंगराच्या काळोखात विरून गेला आणि होडी कागदाच्या चिटोऱ्यासारखी पांढरी उठून आली. रंग तेच, रात्र तीच, बदललं ते फक्त पाठीमागचं.

छोट्या युद्धबोटींच्या रंगाचं सगळं गणित या प्रसंगात आहे. बोट कोणत्या पार्श्वभूमीवर आणि कुणाच्या डोळ्यांना दिसणार, हे आधी ठरवायचं. रंगाचा डबा त्यानंतर उघडायचा.

युरोपच्या समुद्रात ही पार्श्वभूमी म्हणजे आभाळ. छोट्या बोटीवरच्या माणसाचा डोळा पाण्यापासून जेमतेम दोन-तीन मीटर वर असतो. एवढ्या खालून दुसऱ्या बोटीकडे बघितलं तर तिच्या मागे पाणी नसतं, क्षितिजालगतचं आभाळ असतं. ढगाळ, बिनचंद्राच्या रात्रीसुद्धा ते आभाळ समुद्रापेक्षा उजळ असतं. बोटीच्या कुशीवर पडणारा प्रकाश त्याच आभाळाचा, तोही अर्ध्याच आभाळाचा, आणि त्यातला काहीच भाग परत फिरतो. त्यामुळे बोट पांढरीशुभ्र रंगवली तरी मागच्या आभाळापेक्षा थोडी काळीच दिसणार. मग गडद रंगवली तर काय होईल, ते ट्रॉलरने मला दाखवलंच होतं.

ही गोष्ट ब्रिटिश नौदलात लावून धरली ती पीटर स्कॉट यांनी. दक्षिण ध्रुवावर जाऊन परत येताना मरण पावलेल्या कॅप्टन स्कॉट यांचे हे चिरंजीव. पक्ष्यांचे अभ्यासक आणि चित्रकार. १९४०मध्ये एचएमएस ब्रोक या विनाशिकेवर असताना त्यांनी तिला पांढरा आणि अगदी फिके निळे-हिरवे रंग दिले. रात्री जहाज काळं असावं, ही तेव्हाची सर्वसाधारण समजूत, आणि हा माणूस त्याच्या नेमकं उलट करत होता. पुढे ही पद्धत वेस्टर्न ॲप्रोचेस या नावाने अटलांटिकच्या काफिल्यांचं रक्षण करणाऱ्या जहाजांवर सर्रास वापरली गेली. नंतर स्कॉट स्वतः इंग्लिश खाडीतल्या स्टीम गनबोटींच्या तुकडीचे प्रमुख झाले. समुद्रपक्ष्यांची पोटं पांढरी का असतात, याचा विचार आयुष्यभर केलेल्या माणसाला हे सुचलं, यात मला नवल वाटत नाही.

समोरच्या बाजूलाही हेच. जर्मनांच्या श्नेलबोटी, ज्यांना ब्रिटिश ई-बोट म्हणत, जवळपास पांढऱ्या वाटाव्यात इतक्या फिक्या करड्या रंगाच्या असत. त्या छटेला 'श्नेलबोट पांढरा' असं नावही होतं. उत्तर समुद्रात रात्री निघायचं, सुरुंग टाकायचे किंवा काफिल्यावर टॉर्पेडो सोडायचे आणि उजाडायच्या आत बंदरात परतायचं, हे त्यांचं काम. त्या कामाला फिका रंगच बरोबर होता. त्याची एक किंमतही होती. शत्रूने तारागोळा (आभाळात उजेड पाडणारा गोळा) उडवला किंवा शोधदिवा नेमका अंगावर पडला, की पांढरी बोट आरशासारखी चमकायची. चंद्र आपल्या पाठीशी असेल तर कोणताच रंग कामाचा नाही, सगळं काळंच दिसतं. म्हणून बोटीचा कप्तान चंद्र कुठे आहे ते आधी बघायचा.

आता सॉलोमन बेटांकडे या. तिथे पीटी बोटींचा दिवस आणि रात्र, दोन्ही हिरव्या झाडीला चिकटून जायचे. तुलागी, रेंडोव्हा इथले तळ, पुढे न्यू गिनीचा किनारा, सगळीकडे जंगल थेट पाण्यावर ओणवलेलं. दिवसा बोट झाडांच्या फांद्यांखाली घालून ठेवायची, वर जाळी टाकायची, कारण दिवसाचा वैरी विमान. रात्री जपानी मालवाहू तराफे किनाऱ्याला अगदी लागून चालत, त्यांची शिकार करायला पीटी बोटीही किनाऱ्यालाच लागून दबा धरत. म्हणजे मागे उघडं आभाळ क्वचितच असे, बहुतेक वेळा डोंगर आणि झाडी. मिरकरवाड्याच्या डोंगराखालची स्थिती. तिथे श्नेलबोटीचा पांढरा रंग म्हणजे आत्मघात ठरला असता. म्हणून कारखान्यातून करडी निघालेली बोट तळावर पोचली की मिळेल त्या सामानातून हिरवा तयार करून रंगवली जायची. साहजिकच प्रत्येक तळाचा, कधी प्रत्येक बोटीचा हिरवा वेगळा. कोणता नेमका हिरवा, यावर मॉडेलवाल्यांची भांडणं होतात ती मला निरर्थक वाटतात. गडद, जरा मातकट आणि मुळीच न चमकणारा, एवढं पाळलंत की झालं.

अमेरिकन नौदलाची रंगाची एक नियमावली होती, शिप्स-२ नावाची. १९४१मध्ये निघाली आणि युद्धात दोन-तीनदा बदलली. त्यातल्या पद्धतींना 'मेझर' म्हणत. ३१ म्हणजे गडद नमुन्यांची पद्धत, ३२ मध्यम, ३३ फिकी. पुढच्या काळातल्या पॅसिफिकमधल्या पीटी बोटींवर मेझर ३१चा २०-एल नावाचा नमुना दिसतो, हिरव्याच्या छटा आणि काळ्याचे वेडेवाकडे पट्टे. एल्को किंवा हिगिन्स या कारखान्यांच्या उशिराच्या पीटी बोटीचं मॉडेल करायचं असेल तर तो घ्या. १०९ला नको.

आता झेब्रा. या पट्ट्यांमागचा विचार लपण्याचा नाहीच, चकवण्याचा आहे. पहिल्या महायुद्धात १९१७मध्ये नॉर्मन विल्किन्सन या चित्रकाराने तो मांडला. तेव्हा ते डेव्हनपोर्टला सुरुंग काढण्याच्या कामावर होते. त्यांचं म्हणणं असं की पाणबुडीपासून व्यापारी जहाज लपवता येत नाही. पण पेरिस्कोपमधून बघणाऱ्याला त्या जहाजाचं तोंड नेमकं कुठे आहे, ते कळू द्यायचं नाही, म्हणजे टॉर्पेडोचा नेम चुकेल. मोठ्या, संथ जहाजाला यात अर्थ आहे. पंचवीस मीटरच्या बोटीवर टॉर्पेडो कोण सोडणार? तिच्यावर मशीनगन चालते, आणि तो नेमबाज पट्टे बघत बसत नाही, आपल्याच चमकत्या गोळ्यांची रेघ बघून नळी वळवतो. शिवाय थोडं लांब गेलं की बारीक पट्टे एकमेकांत मिसळून नुसता करडा दिसतो. म्हणून पीटी बोटींवर हा प्रकार प्रयोगापुरताच राहिला. शोकेसमध्ये फार देखणा दिसतो, ते मान्य.

ओघात माउंटबॅटन यांचा गुलाबीही सांगून टाकतो, कारण त्याबद्दल हमखास विचारलं जातं. पुढे आपल्याकडे शेवटचे व्हाइसरॉय म्हणून आलेले तेच. संधिप्रकाशात एक जांभळट-करडं प्रवासी जहाज इतरांच्या आधी दिसेनासं झालेलं त्यांनी १९४०मध्ये पाहिलं आणि आपल्या विनाशिकांना तसा रंग दिला. पहाटे आणि सांजवेळी ठीक, भर दिवसा उलट जास्त उठून दिसायचा.

यापुढचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि मॉडेलच्या पुस्तिकांत ते नसतंच. धावणारी छोटी बोट तिच्या रंगावरून सापडत नाही, तिच्या मागच्या फेसावरून सापडते. विमानातून खाली बघणाऱ्याला हिरवी बोट दिसत नाही, पण शेकडो मीटर लांबीची पांढरी रेघ दिसते, आणि रेघेच्या टोकाला बोट असणारच. उष्ण कटिबंधातल्या समुद्रात यात भर पडते ती चमकणाऱ्या सूक्ष्म जीवांची. आपल्या कोकण किनाऱ्यावर थंडीच्या दिवसांत रात्री लाटा निळ्या उजळतात, ते तुम्ही पाहिलं असेल. तशा पाण्यात नुसता हात फिरवला तरी उजेडाची रेघ उमटते. तिथे तीन पंखे घुसळत जाणाऱ्या बोटीचं काय होत असेल, याची कल्पना करा. सॉलोमनमध्ये पाण्यावर उतरणारी जपानी विमानं रात्री हीच रेघ शोधत फिरायची आणि तिच्या टोकावर बॉम्ब टाकायची.

पीटी-१०९ची गोष्ट याच्याशी थेट जोडलेली आहे. १ ऑगस्ट १९४३च्या रात्री रेंडोव्हाहून पंधरा पीटी बोटी निघाल्या. रडार त्यांपैकी चारच बोटींवर होतं, १०९वर नव्हतं. चंद्र नव्हता. ब्लॅकेट सामुद्रधुनीत गस्त घालताना १०९चे कप्तान लेफ्टनंट जॉन केनेडी (पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झाले तेच) यांनी तीनपैकी एकच इंजिन चालू ठेवलं होतं, फेस उमटू नये आणि वरून विमानाला दिसू नये म्हणून. त्या पाण्यात हीच शहाणी रीत होती. पण काळोखातून अमागिरी ही जपानी विनाशिका वेगाने समोर आली, तेव्हा एका इंजिनावर बोट वेळेत बाजूला काढता आली नाही. विनाशिकेने १०९चे दोन तुकडे केले. तेरा जणांपैकी दोघं गेले. बोट लपलेली राहावी म्हणून जे केलं, त्यानेच तिची चपळाई काढून घेतली होती. हे मॉडेल बांधताना ती रात्र माझ्या डोळ्यांसमोर असते.

रात्री बोट उघडी पाडणारी दुसरी वस्तू तुमच्या मॉडेलवर चार ठिकाणी आहे: टॉर्पेडोच्या नळ्या. मार्क ८ टॉर्पेडो नळीतून बाहेर ढकलायला बंदुकीची काळी दारू वापरत. नळीला आतून ग्रीस लावलेलं असे. दारू पेटली की कधी कधी ग्रीसही पेटायचं आणि काळोखात लाल जाळ उठायचा. त्याच रात्री आघाडीच्या एका बोटीवर हे घडलं. पुढे नळ्या काढून टाकल्या आणि मार्क १३ टॉर्पेडो साध्या चौकटीवरून पाण्यात लोटायला लागले. वजनही कमी झालं आणि जाळही गेला. लपण्याचा इतका मोठा फायदा रंगाच्या कोणत्याही डब्याने दिला नसता. धुराड्यांचंही तसंच. एल्को बोटीच्या पिछाडीला दिसतात त्या मफलरांमध्ये झडपा होत्या, दबकत जाताना धूर आणि आवाज पाण्याखाली सोडता यायचा. जर्मनांच्या लुर्सन कारखान्याने श्नेलबोटींना मुख्य सुकाणूच्या दोन्ही बाजूंना छोटी सुकाणू दिली होती. ती बाहेर वळवली की वेग वाढायचा आणि मागची लाट खाली बसायची. फेस कमी करायची ही किती सुंदर युक्ती आहे, ते बोट पाण्यात चालवलेल्याला कळेल.

आपल्या माणसांचाही या कथेत वाटा आहे. रॉयल इंडियन नेव्हीत रत्नागिरीकडच्या खलाशांची भरती पिढ्यान्‌पिढ्या होत आली. त्या नेव्हीच्या फेअरमाइल मोटर लाँच ब्रह्मदेशातल्या आराकानच्या किनाऱ्यावर लढल्या. ११२ फूट लांबीच्या, लाकडी, आणि यातल्या काही मुंबई-कलकत्त्यात बांधलेल्या. आराकानात समुद्रापासून आत शिरणाऱ्या खाड्यांना चाउंग म्हणतात. दोन्ही काठांना खारफुटी, भरती-ओहोटीचा चिखल, अरुंद पात्र. दाभोळच्या किंवा जयगडच्या खाडीत तिवरांच्या आडून होडी नेलेल्या माणसाला हे पाणी अनोळखी वाटलं नसेल. अशा ठिकाणी दिवसा बोट काठाला दाबायची, वर जाळी आणि तोडलेल्या फांद्या टाकायच्या. रंगापेक्षा फांदी बरी, पण तोडलेली फांदी काही तासांत माना टाकते. दुपारपर्यंत पानांचा रंग उतरतो आणि हिरव्या काठावर एक तपकिरी ढीग उठून दिसतो. म्हणून फांद्या रोज बदलाव्या लागतात. त्या काळात अमेरिकेत कोडॅकने अवरक्त किरण टिपणारी एक रंगीत फिल्म तयार केली होती, तिच्यात जिवंत पान लाल उमटायचं, आणि तोडलेलं पान किंवा हिरवा रंग वेगळाच दिसायचा. म्हणजे डोळ्याला फसवलं तरी कॅमेऱ्याला फसवता येईलच असं नाही.

फांद्यांचा सर्वांत धाडसी वापर एका डच जहाजाने केला. अब्राहम क्रेन्सेन हे सुरुंगशोधक जहाज, सुमारे ५५ मीटर लांब, वेग अवघा पंधरा नॉट. मार्च १९४२मध्ये जपान्यांनी जावा घेतलं तेव्हा ते सुराबायाला होतं. खलाशांनी बेटांवरची झाडं तोडून डेकवर उभी केली आणि उघड्या भागावर खडकासारखा रंग मारला. दिवसभर किनाऱ्याजवळ नांगर टाकून बेट बनून राहायचं, अंधार पडला की चालायचं. असं करत ते ऑस्ट्रेलियाला पोचलं आणि आज डेन हेल्डरच्या नौदल संग्रहालयात आहे. त्यांनी दिवसा न हलण्याचं पथ्य पाळलं, म्हणूनच ती झाडं कामी आली. चालणाऱ्या बेटावर कुणाचाही विश्वास बसला नसता.

आता तुमच्या कामाचं. पीटी-१०९ लाकडी होती. महोगनीच्या तिरप्या फळ्यांचे दोन थर, मध्ये सरसात भिजवलेलं कापड. म्हणून बोटीच्या अंगावरून गंजाचे ओघळ काढू नका. नव्वद टक्के मॉडेलांवर मी हेच बघतो आणि जीव हळहळतो. लाकडाला गंज चढत नाही. गंज लागलाच तर तोफेच्या बैठकीला, साखळीला, नळीच्या पट्ट्यांना, तोही थोडाच. अंगावरचा रंग उडाला तर खालून आधीचा करडा दिसेल, जास्तच घासला तर लाकूड. धक्क्याला घासणाऱ्या कडेवर आणि पायांच्या वाटेवर हे दाखवा. पिछाडीला मफलरांभोवती काजळी भरपूर, ती संकोच न करता द्या.

उष्ण प्रदेशातल्या उन्हात आणि खारट पाण्यात मॅट रंगाची भुकटी होते. हाताचं बोट फिरवलं तर त्याला पीठ लागतं. गोदीत मी हजारदा पाहिलं आहे: आडव्या पृष्ठभागावर रंग आधी पांढुरका पडतो, उभ्या कुशीवर उशिरा. म्हणून डेकचा हिरवा कुशीपेक्षा एक छटा फिका ठेवा. शिवाय मॉडेल लहान असल्यामुळे डब्यातला रंग जसाच्या तसा लावला तर काळाकुट्ट दिसतो. १:३५ला दहा थेंबांत एक थेंब फिका करडा मिसळा, १:७२ला थोडा जास्त. शुद्ध पांढरा मिसळू नका, हिरवा पोपटी होतो.

सावलीकडे लक्ष द्या. नाळेचा, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाचा, बाहेर कललेला भाग, तोफेच्या कड्याची खालची बाजू, नळ्यांच्या पोटाखालची जागा, इथे सावली पडते आणि गडद बोटीवर ती अजून गडद रेघ होते. नियमावलीत अशा खालच्या बाजू पांढऱ्या करायला सांगितल्या आहेत, म्हणजे सावली फिटते. तुम्ही पांढरा मारू नका, फक्त हिरव्याची फिकी छटा हलक्या हाताने फवारा. आणि मॉडेल पाण्यात धावताना मांडणार असाल, तर नाळ वर उचलली गेल्याने तळाचा रंग दिसणार हे धरून तो भागही नीट रंगवा. कितीही हिरवी बोट असली तरी वेगात असताना तो उघडा पडायचाच.

शेवटी मॅट वार्निशचे दोन हलके हात, आणि मग एक परीक्षा. सांज होताना मॉडेल खिडकीत ठेवा, मागे गडद हिरवा कागद लावा आणि चार हात लांब जाऊन डोळे अर्धे मिटून बघा. जिथे लकाकेल ती जागा बहुतेक वेळा सुकाणूघराची काच असते. तिथे पुन्हा एक मॅटचा फवारा द्या.